रहस्यकथांनाही कपाटात जागा हवी

'रहस्यकथा म्हणजे वेळेचा अपव्यय' असे अनेक पालक मानतात. आम्हाला तसे वाटत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनी कित्येकांना वाचनाची गोडी लावली. 'धनंजय', 'नवल' यांसारख्या दिवाळी अंकांत अनेक लेखकांच्या रहस्यकथा एकत्र वाचायला मिळाल्या. हैदराबादेत आपली मुले तेलुगू, हिंदी, इंग्रजी शिकतात. मराठी वाचनाला जेमतेम अर्धा तास उरतो. तेवढ्यात एक कथा पुरी होते. शिवाय एखादा शब्द निसटला तर दुवा हातचा जातो, म्हणून मूल लक्षपूर्वक वाचते. विश्वस्तांनी ग्रंथालयासाठी असे अंक व संग्रह घ्यावेत, वयानुसार निवड शिक्षकांनी करावी, ही विनंती.