पोटाच्या कॅन्सरची गोष्ट नातेवाइकांपासून लपवू नका

ज्या घरात पोटाच्या, म्हणजे जठराच्या कॅन्सरने एकाहून अधिक माणसं गेली आहेत, किंवा पन्नाशीच्या आतच कुणाला तो झाला आहे, त्या घरातल्या सगळ्यांना ही विनंती आहे.

न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात तीस वर्षांत पंचविसाहून अधिक जण या आजाराने दगावले. सर्वांत लहान बळी 14 वर्षांचा होता. त्या कुटुंबाने आपली वंशावळ आणि रक्ताचे नमुने ओटॅगो विद्यापीठातल्या संशोधकांपुढे ठेवले. त्यातूनच 1998 साली पॅरी गिलफर्ड आणि सहकाऱ्यांना ‘सीडीएच1’ या जनुकातला दोष सापडला. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन हे जनुक बनवतं. आई किंवा वडील, कुणातही दोष असला तरी तो मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. दोष असलेल्या प्रत्येकाला कॅन्सर होतोच असं नाही. पण धोका फार मोठा, आणि बायकांना स्तनाच्या एका प्रकारच्या कॅन्सरचाही. जठराचा हा कॅन्सर अस्तराखाली पसरत जातो, त्यामुळे सुरुवातीला एंडोस्कोपीतही निसटतो. म्हणून दोष सापडलेले अनेकजण आजार होण्याआधीच शस्त्रक्रियेने जठर काढून घेतात आणि जगतात.

पोटाचे बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात, हेही खरं. आनुवंशिक असतात ते शंभरातले एक ते तीनच. त्यामुळे घाबरून सरसकट तपासण्या करू नका.

पण आपल्याकडे ही माहितीच दडपली जाते. मुलींची लग्नं अडतील म्हणून ‘पोटाच्या दुखण्याने गेले’ एवढंच सांगितलं जातं. आजोळकडची माणसं तर हिशेबातच धरली जात नाहीत, जनुकं मात्र तिकडूनही येतात. तेव्हा मावशीला, मामाला, आत्याला विचारा: कोण गेलं, कोणत्या वयात, कशाने? कागदावर लिहून काढा. गेलेल्या माणसाची फाइल रद्दीत घालू नका. बायॉप्सीच्या रिपोर्टवर ‘डिफ्यूज’ किंवा ‘सिग्नेट रिंग’ असे शब्द असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवा. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी आनुवंशिक कॅन्सरबद्दल सल्ला मिळतो. घरातला रुग्ण हयात असेल तर जनुकीय तपासणी आधी त्याची व्हावी. त्याच्यात दोष सापडला, की बाकीच्यांना नेमकं काय तपासायचं ते कळतं. आणि दोष निघालाच, तर चुलत-मावस भावंडांनाही कळवा. तो त्यांचा हक्क आहे.