बाळंतिणीच्या सेवेचा धंदा जरूर करा, पण "बरं करून देतो" हे विकू नका



गेले काही महिने ट्रेनिंगला येणाऱ्यांकडून एक प्रश्न सारखा येतोय. "ताई, गरोदर बायका आणि छोट्या बाळांसाठी कायरोप्रॅक्टिक सेंटर टाकायचं म्हणतोय. रील्सवर जोरात चालतंय. दोन दिवसांचा कोर्स आहे, सर्टिफिकेट मिळतं. टाकू का?"

व्हिडिओमध्ये मी दोन मिनिटांत उत्तर दिलं होतं, इथे सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते: आईच्या आरामाचा धंदा चांगला आहे, करा. पण "बरं करतो" हा त्यातला माल नाही. आणि नवजात बाळाच्या मानेला-मणक्याला झटका देणं हा तर तुमचा-माझा धंदाच नाही.

आता कारणं बघू.

आधी समजून घ्या, हे आहे काय

१८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर नावाच्या माणसाने कायरोप्रॅक्टिक सुरू केलं. त्याचं म्हणणं असं, की मणके जागेवरून किंचित सरकले की शरीरात नाना आजार होतात, आणि ते हाताने जागेवर बसवले की आजार जातात. या "सरकण्या"ला ते सबलक्सेशन म्हणतात. पण ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टर लोकांची नोंदणी करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच २०१० मध्ये स्पष्ट केलं, की ही कल्पना ऐतिहासिक आहे आणि तिच्यामुळे आजार होतो असा दावा करण्याइतका संशोधनाचा आधार नाही. म्हणजे हे डॉक्टरांनी नाही, त्यांच्याच धंद्याच्या नियामकाने सांगितलं.

आज तिकडचे अनेक कायरोप्रॅक्टर कंबरदुखी-पाठदुखीपुरतंच काम करतात. गरोदर बाईला ते कुशीवर किंवा खास उशीवर झोपवून, कमी जोर लावून हाताळतात. त्याने काहींना आराम पडतो. पण त्यावरचे अभ्यास छोटे आहेत, ठाम काही सांगता येत नाही.

मागणी खरी आहे, हे मान्य

गरोदरपणात साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त बायकांची कंबर दुखते. पोट पुढे येतं, शरीराचा तोल बदलतो, सांधे थोडे सैल होतात. बाळंतपणानंतर वाकून दूध पाजणं, रात्रीची जागरणं, बाळाला सतत उचलणं. त्यात घरं छोटी झाली, सासू-आई नोकरी करतात, गल्लीतली मालिशवाली मावशी आता मिळत नाही. पूर्वी शेक-शेगडी, तेल, डिंकाचे लाडू, पोट बांधणं हे सगळं घरातच व्हायचं. आता त्याला फोन करून माणूस शोधावा लागतो.

मी दुकानदार आहे. काउंटरवर उशी बघायला आलेली आठव्या महिन्यातली बाई उशीबद्दल कमी आणि झोपेबद्दल जास्त बोलते. ही गरज खोटी नाही. प्रश्न एवढाच आहे, की तुम्ही तिला काय विकणार?

या धंद्यातला सापळा: आपोआप बरं होणारं गिऱ्हाईक

मंडळी, हा मुद्दा नीट वाचा. सगळ्या लेखात मला हाच सांगायचा आहे.

बाळाचं रडणं घ्या. निरोगी बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सर्वात जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बहुतेकांचं आपोआप कमी होतं. आता आई-बाप तुमच्याकडे कधी येणार? रडणं टोकाला पोचलं तेव्हा, म्हणजे सहाव्या आठवड्यात. तुम्ही सहा सेशन विकले, महिना-दीड महिना गेला, बाळ शांत झालं. आई-बाप पाच स्टार देणार, व्हिडिओ देणार. पण तुम्ही त्या बाळाच्या पायाला नुसता लाल दोरा बांधला असता तरी तेच झालं असतं.

पायाळू बाळ घ्या. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आसपास बरीच बाळं उलटी असतात, चार-पाचातलं एखादं. दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच तशी राहतात. बाकीची स्वतःच फिरतात. वेबस्टर टेक्निक नावाची एक पद्धत "बाळ फिरवते" म्हणून सोशल मीडियावर विकली जाते. पण ती शिकवणारी आंतरराष्ट्रीय संघटनाच म्हणते, की ही पद्धत आईच्या कमरेच्या हाडांसाठी आहे, बाळ फिरवण्यासाठी नाही. बाळ फिरवण्याचा खरा प्रयत्न डॉक्टर करतात. साधारण छत्तीस-सदतीस आठवड्यांनंतर, हॉस्पिटलमध्ये, सोनोग्राफी करून, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून. त्यातही यश साधारण निम्म्या वेळाच येतं.

बाळंतपणानंतरची कंबरदुखीही तशीच. बऱ्याच जणींची काही महिन्यांत ओसरते.

इतर धंद्यांत मी तुम्हाला सांगते, गिऱ्हाइकाचा अभिप्राय म्हणजे सोनं. इथे मात्र तो पुरावाच नाही. इथे काळ बरं करतो आणि श्रेय तुम्हाला मिळतं. म्हणून या धंद्यात माणूस हळूहळू स्वतःच्याच जाहिरातीवर विश्वास ठेवायला लागतो. आणि मग एक दिवस असं बाळ येतं, ज्याचं रडणं साधं नसतं. पोटात आतडं अडकलंय, ताप आहे, संसर्ग आहे. तुम्ही त्याला "पुढचं सेशन गुरुवारी" म्हणता. तिथे तुमचा धंदा नाही, एक जीव पणाला लागलेला असतो.

परदेशात काय झालं, तेही बघा

ब्रिटनमध्ये सायमन सिंग या विज्ञानलेखकाने एप्रिल २००८ मध्ये 'गार्डियन' वर्तमानपत्रात लिहिलं, की बाळाचं पोटदुखीचं रडणं, कानाचा संसर्ग, दमा यांवर कायरोप्रॅक्टिकने उपचार होतात या दाव्याला पुरावा नाही. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्याच्यावर बदनामीचा खटला भरला. परिणाम? लोक कायरोप्रॅक्टरांच्या वेबसाइट उघडून एकेक दावा तपासायला लागले आणि शेकडो तक्रारी गेल्या. एका संघटनेने तर आपल्या सभासदांना वेबसाइटच काढून टाका म्हणून कळवलं. एप्रिल २०१० मध्ये असोसिएशनने खटला मागे घेतला. एका लेखाने जेवढं नुकसान झालं नसतं, त्याच्या कितीतरी पट त्यांनी स्वतःच्या हाताने करून घेतलं.

ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये दोन आठवड्यांच्या बाळावर कायरोप्रॅक्टिक केल्याचा व्हिडिओ गाजला. तिथल्या कायरोप्रॅक्टिक बोर्डाने दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्याच्या हाताळणीवर तात्पुरती बंदी घातली. व्हिक्टोरिया राज्याने तपासणी केली. गंभीर इजेचे पुरावे फार थोडे सापडले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण फायद्याचे पुरावेही कमजोर निघाले. २०२३ च्या शेवटी बोर्डाने बंदी उठवली, आरोग्यमंत्र्यांनी आक्षेप घेतला, आणि २०२४ मध्ये ती परत लागू झाली.

आता विचार करा. तिथे हे लोक नोंदणीकृत आहेत, वर्षानुवर्षं शिकलेले आहेत, तरी ही अवस्था. फायदा नक्की नाही, धोका कमी पण बाळाचा. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा सौदा घाट्याचा आहे.

दोन दिवसांच्या सर्टिफिकेटचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये कायरोप्रॅक्टिकच्या शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात चार वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण आणि किमान ४२०० तास असा हिशोब आहे. दोन दिवसांच्या कोर्समध्ये जेवणाची सुट्टी धरून सोळा तास होतात. ४२०० आणि १६. बाकी मी बोलत नाही.

आपल्याकडे कायरोप्रॅक्टिक हे आयुषच्या पद्धतींमध्येही नाही. आयुषमध्ये आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा, होमिओपॅथी येतात. त्यामुळे भिंतीवर लावलेलं सर्टिफिकेट गिऱ्हाइकाला भारी दिसेल, पण काही झालं तर तुमच्या पाठीशी कोणी उभं राहणार नाही.

मग विकायचं काय?

भरपूर आहे. मला यात तीन धंदे दिसतात.

१. बाळंतिणीची घरपोच मालिश. शिकवलेल्या, ओळखपत्र असलेल्या, पोलीस पडताळणी झालेल्या बायका. वेळेवर येणं, नखं कापलेली, हात धुतलेले. लोक याचे पैसे देतात. सिझेरियन असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पोटाला हात नाही. बाळाची मालिश म्हणजे हलक्या हाताने तेल लावणं. पाय धरून उलटं लटकवणं, मान वळवणं, टाळू दाबणं, नाक ओढणं बंद. मावशी म्हणाली "आम्ही वर्षानुवर्षं करतो", तरी बंद.

२. फिजिओथेरपिस्टबरोबर भागीदारी. गरोदरपणातल्या कंबरदुखीवर व्यायामाने दुखणं कमी होतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पदवीधर, नोंदणी असलेली फिजिओथेरपिस्ट बघा. जागा, बुकिंग, मार्केटिंग तुमचं, उपचार तिचा. बाळंतपणानंतर शिंकताना-हसताना लघवी निसटते, त्यावर व्यायाम असतात. लाजेखातर बायका बोलत नाहीत. ही खरी न भागलेली गरज आहे.

३. वस्तू. कुशीवर झोपायची लांब उशी, दूध पाजताना मांडीवर घ्यायची उशी, पोटाला आधार देणारा पट्टा, गरम पाण्याची पिशवी. भाड्याने पण द्या, उशी तीन-चार महिनेच लागते. खोळ मात्र दर वेळी धुतलेली.

छोटा हिशोब

आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावाचे टाकून बघा. समजा, एका घरी आई आणि बाळ मिळून रोजचे ५०० रुपये, ४० दिवस. म्हणजे २०,०००. मालिश करणाऱ्या ताईला रोजचे ३५०, म्हणजे १४,०००. तुमच्याकडे राहिले ६,०००. महिन्याला आठ नवी घरं मिळाली तर ४८,०००. त्यातून प्रवास, फोन, ट्रेनिंग आणि ताई आजारी पडली तर बदली बाई. हा शेवटचा खर्च लोक विसरतात आणि तिथेच धंदा बुडतो.

इथे एकाही आजाराचं नाव घ्यावं लागलं नाही, बघा.

"नाही" म्हणायची यादी

ही छापून प्रत्येक ताईच्या पिशवीत ठेवा. यातलं काही दिसलं की काम थांबवायचं आणि घरच्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवायचं.

- गरोदर बाई: रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, जोरात डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी.
- बाळंतीण: ताप, खूप रक्तस्राव, एकाच पायाला सूज आणि दुखणं, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, लघवी न होणं.
- बाळ: तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, दूध न पिणं, हिरवी उलटी, अंग ढिलं पडणं, थांबतच नाही असं वेगळंच रडणं.

त्या दिवसाचे पैसे घेऊ नका. हा खर्च नाही, ही तुमची सर्वात स्वस्त जाहिरात आहे. ज्या डॉक्टरकडे तुम्ही वेळेत पेशंट पाठवला, तो पुढची दहा घरं तुमच्याकडे पाठवेल.

जाहिरातीत काय लिहायचं?

"बाळाचं रडणं बंद", "नॉर्मल डिलिव्हरीची खात्री", "पायाळू बाळ सरळ" हे शब्द बोर्डावर नको, व्हॉट्सॲपवर नको, रीलमध्ये नको. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. पैसे घेऊन तुमचं कौतुक करणारी इन्फ्लुएन्सरही त्यात सापडू शकते.

त्याऐवजी लिहा: "आईला अर्धा तास निवांतपणा." "प्रशिक्षित ताई, ठरलेल्या वेळी, तुमच्या घरी." हे तुम्ही रोज पाळू शकता. जे पाळता येतं तेच विकायचं, एवढा साधा नियम आहे.

काही जण म्हणतील, "ताई, आम्ही नाही केलं तर दुसरा करेल." करू दे. बाळंतिणीचा धंदा तोंडोतोंडी चालतो. एका सोसायटीतली एक चांगली बातमी वीस घरं देते, आणि एक वाईट बातमी सगळं गाव बंद करते.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या भागातल्या पाच नव्या आयांशी बोला. त्यांना एकच विचारा, "बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यात सर्वात जास्त कशाची मदत हवी होती?" उत्तरं वहीत लिहा. तुमचा धंदा त्या पाच ओळींत सापडेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काळजी घ्या, आणि धंदा सचोटीने करा.