जुनी डिझेल मोटार आणि तिचा सातबारा

दवाखाना, सोयरीक, बाजार, कचेरी या कामांकरितां घरची मोटार असावी असें हल्लीं पुष्कळ शेतकरी बंधूंस वाटूं लागलें आहे, व त्यांत वावगें कांहीं नाहीं. नवी मोटार सर्वांस झेपत नाहीं. म्हणून दोन-तीन लाखांत जुनी सेडान पाहावी, आणि तीहि डिझेलवर चालणारी, असा बहुतेकांचा विचार असतो. प्रस्तुत लेखक यंत्रशास्त्रांतला जाणता नव्हे. महसूल खात्याच्या कारकुनींत त्याचें आयुष्य गेलें. परंतु कागद वाचण्याची जी संवय त्या नोकरीनें लावली, तिच्या आधारें या विषयावर दोन शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहें.

डिझेल स्वस्त ही समजूत जुन्या काळची आहे. २०१२ सालीं पेट्रोल व डिझेल यांच्या दरांत लिटरमागें तीस रुपयांच्या घरांत अंतर होतें. त्या लोभानें लोकांनीं डिझेल मोटारी घेतल्या. ऑक्टोबर २०१४ मध्यें सरकारनें डिझेलच्या दरावरील नियंत्रण उठविलें, आणि तें अंतर पुढें निम्म्याहूनहि कमी झालें. त्यानंतर एप्रिल २०२० पासून धुराविषयींचे भारत स्टेज ६ हे कडक नियम आले, तेव्हां मारुती कंपनीनें डिझेल मोटारी करणेंच सोडून दिलें. म्हणून आज बाजारांत ज्या डिझायर, इंडिगो, इटिऑस, व्हेरिटो स्वस्तांत दिसतात, त्या बहुतेक त्या जुन्या लाटेंतल्या आहेत.

आतां हिशेब करूं. पेट्रोल १०४ व डिझेल ९० रुपये धरावें. पेट्रोल मोटार लिटरला १५ व डिझेल मोटार २० किलोमीटर जाते असें मानावें. महिन्यास १५०० किलोमीटर फिरणाऱ्याचे पेट्रोलला १०,४०० आणि डिझेलला ६,७५० रुपये होतात. म्हणजे ३,६५० रुपये वांचले. हें लहानसहान नव्हे. परंतु ज्याची मोटार महिन्यास ३०० किलोमीटरच फिरते, त्याचे वांचतात अवघे ७३०. इंधन फवारणारे इंजेक्टर किंवा टर्बो एकदां बिघडला कीं अशा कित्येक महिन्यांची बचत एका दिवसांत जाते. आपल्यापैकीं पुष्कळांची धांव तालुक्यापर्यंतच आहे. त्यांनीं माझ्या मतें जुनी पेट्रोल मोटारच पाहावी. ज्यांचा मुलगा रोज शहरास जातो, किंवा द्राक्षें-डाळिंबांच्या व्यवहारास ज्यांस लांब फिरावें लागतें, त्यांनीं डिझेलचा विचार खुशाल करावा.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगतों. ट्रॅक्टराकरितां पिंपांत भरून ठेवलेलें डिझेल या मोटारींत ओतूं नये. जुन्या ट्रॅक्टराचें इंजिन पुष्कळ सोसतें. या मोटारींत डिझेल हवेच्या दाबाच्या हजाराहून अधिक पट दाबानें बारीक छिद्रांतून फवारलें जातें. त्यांत पाण्याचा थेंब वा गाळाचा कण गेला तरी पंप व इंजेक्टर दोन्ही खराब होतात. पूर्वीच्या मालकानें तसें केलें असेल काय, हेंहि विचारावें. खरें उत्तर मिळेलच असें नाहीं.

बैल घेतांना आपण दांत पाहतों आणि चालवूनहि पाहतों. मोटारीचें तसेंच. पाहावयास सकाळीं जावें आणि प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. तें गरम लागलें तर विकणारानें आधींच सुरू करून ठेवलें असें समजावें. थंड इंजिन एका दमांत सुरू झालें पाहिजे. निळसर धूर दिसला तर तेल जळतें आहे, काळा सतत येत असेल तर इंजेक्टर वा टर्बोकडे पाहावें. कांटा साठ हजार दाखवितो आणि पायाखालच्या पॅडलचें रबर गुळगुळीत झालें आहे, तर कांट्यावर विश्वास ठेवूं नये. २०१९ सालीं कोल्हापूर-सांगलीस व २०२१ सालीं चिपळुणास पूर आला, त्यांत अनेक मोटारी बुडाल्या. म्हणून आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ आहे काय तें पाहावें. बाकी ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा, त्याची मजुरी द्यावी, आणि मग त्याचें ऐकावें.

पण खरा घात कागदांत होतो. जमिनीचा सौदा ठरण्यापूर्वी आपण सातबारा उतारा काढतों, इतर हक्कांत बोजा पाहतों. मोटारीस मात्र चावी आणि दोन सह्या मिळाल्या कीं आपण समाधान मानतों! नोंदणी पुस्तक हाच मोटारीचा सातबारा. त्यांत बँकेचें किंवा फायनान्स कंपनीचें नांव असेल तर तो बोजा. नमुना ३५ व बँकेचा ना-हरकत दाखला आल्याशिवाय पैसे देऊं नयेत. इंजिन व चॅसिस यांचे क्रमांक स्वतः ताडून पाहावे. पूर्वी भाड्याची टॅक्सी होती काय, तेंहि विचारावें. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१२ ची मोटार घेणारास २०२७ सालीं फेरनोंदणी आलीच, आणि तिचें शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालें आहे. पर्यावरण कर निराळा. दिल्लीकडे दहा वर्षांवरील डिझेल मोटारींवर २०१५ पासून निर्बंध आले, त्यामुळें तिकडील मोटारी स्वस्तांत इकडे येतात; त्यांस नमुना २८ चा दाखला, येथील नोंदणी व येथील कर लागतो, हें जमेस धरून किंमत बोलावी.

माझ्या मेहुण्यानें आपली मोटार पांचशेंच्या स्टॅम्पावर विकून कबजा दिला. घेणारानें नांव चढविलें नाहीं, यानेंहि पाठपुरावा केला नाहीं. तिसऱ्या वर्षीं त्या मोटारीचा अपघात झाला. विमा सरलेला होता. समन्स मेहुण्यास आलें! स्टॅम्प दाखवून उपयोग झाला नाहीं, कारण नोंदणींत ज्याचें नांव तोच मालक, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिलेला आहे. अजून तो तारखांस जातो. घेणाराचें तरी काय झालें? मोटारीच्या नुकसानीचा एक पैसाहि त्यास मिळाला नाहीं, आणि त्याच्या नांवें विकावयासहि कांहीं नाहीं.

तेव्हां नमुना २९ व ३० भरून, विकणारास बरोबर घेऊन, आर. टी. ओ. कचेरीचें काम आधीं करावें. कायद्यानें घेणारास तीस दिवसांची मुदत आहे. ती पुरी वापरूंच नये. विमा आपल्या नांवें करून घेण्याचा अर्ज चौदा दिवसांचे आंत द्यावा लागतो. ठरलेल्या रकमेपैकीं कांहीं भाग नवें नोंदणी पुस्तक हातीं येईपर्यंत राखून ठेवण्याचें लेखी ठरवावें. विकणारा खरा असेल तर तो त्यास हरकत घेत नाहीं.