मिरजेची चिठ्ठी परत!

मागच्या शनिवारी आमच्या वर्गात चार पोस्ट ऑफिसं उघडली. चार रांगा, प्रत्येक रांगेला एक पोस्टमास्तर. नावं दिली सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज. साताऱ्याची चिठ्ठी सांगलीला जायची, तर एका मास्तरानं दुसऱ्याच्या हाती द्यायची. मुख्य पोस्ट कुठंच नाही!

संगणकावर निरोपांची अशी जाळी खरोखरच आहेत, बरं का. जेरेमी मिलर यांनी १९९९ मध्ये ‘जॅबर’ आणलं. त्याच्या नियमांना पुढं ‘एक्सएमपीपी’ हे नाव मिळालं. व्हॉट्सॲप एका कंपनीच्या हातात असतं. इथं मात्र कुणीही आपला सर्व्हर, म्हणजे आपलं पोस्ट, थाटावं आणि इतरांशी जोडून घ्यावं.

आमचं पोस्ट दहा मिनिटं झकास चाललं. मग मिरजेच्या एका पठ्ठ्यानं ‘गोट्या विकणे आहे’ अशा चाळीस चिठ्ठ्या सोडल्या. यालाच म्हणतात स्पॅम. “बाई, त्याला थांबवा!” सगळे ओरडले. मी म्हणाले, “मी कोण थांबवणार? मुख्य पोस्ट आहेच कुठं?”

मग डोकी चालू लागली. कऱ्हाडनं ठरवलं, अनोळखी माणसानं आधी ‘बोलू का?’ असं विचारायचं. पठ्ठ्यानं ‘बोलू का?’ याच्याच चिठ्ठ्यांचा पाऊस पाडला! (खरे स्पॅमवालेही हेच करतात.) साताऱ्यानं प्रत्येक चिठ्ठीमागे एक गुणाकार मागितला. एका चिठ्ठीला त्रास नाही, चाळिसांना घाम फुटतो. ॲडम बॅक यांनी १९९७ मध्ये ई-मेलसाठी ‘हॅशकॅश’ ही अशीच युक्ती काढली. तिथं गणित संगणक सोडवतो. पण ज्याचे पाढे पक्के, त्याला कसला घाम?

सांगली मात्र चिडली. मिरजेची एकही चिठ्ठी घ्यायची नाही! गलका एकदम थांबला. तेवढ्यात मिरजेच्या एका मुलीनं सांगलीतल्या मैत्रिणीला लिहिलं, ‘तुझी आई फाटकाशी उभी आहे.’ तीही चिठ्ठी परत. आई पंधरा मिनिटं उन्हात. खेळात रमले मी, चूक माझीच. खऱ्या जाळ्यावरही एखाद्या सर्व्हरवरून फार स्पॅम आला की बाकीचे त्याला अख्खाच बंद करतात, आणि तिथली भली माणसं अडकतात.

म्हणून काय सगळंच येऊ द्यायचं? सप्टेंबर २०२२ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या. जत तालुक्यातल्या लवंगा गावात चार साधूंनी एका मुलाला वाट विचारली, आणि लोकांनी त्यांना काठ्यांनी मारलं. अफवांना लगाम म्हणून व्हॉट्सॲपनं २०१८ मध्ये भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढं धाडता येईल असं केलं. कंपनी एक, हुकूम एक. बिनमालकाच्या जाळ्यात तसा नियम ज्याच्या त्याच्या पोस्टमास्तरानंच घालायचा.

येत्या शनिवारी मिरजेचा मास्तर सांगलीकडे अर्ज घेऊन जाणार आहे : ‘नव्या माणसाची आधी मी चौकशी करीन, पठ्ठ्याच्या चिठ्ठ्या मीच अडवीन, आमचा रस्ता खुला करा.’ सांगली अजून फुरंगटून बसली आहे. तुम्ही तिथं मास्तर असता, तर काय केलं असतं?