आपत्तीच्या यादीत नसलेले जीव

आपत्ती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पूर, भूकंप, चक्रीवादळ अशी दृश्ये उभी राहतात. घरे कोसळतात, रस्ते वाहून जातात, आकाशातून अन्नाची पाकिटे टाकली जातात. अशा संकटाला आवाज असतो आणि दृश्य असते. म्हणून शासनाला त्याची दखल लवकर घ्यावी लागते. पण भिंत न पाडता, छप्पर न उडवता, बंद दाराआड माणसे आणि जनावरे मारणारे एक संकट आहे आणि ते दरवर्षी ठरल्या वेळी येते. ते म्हणजे वाळवंटी शहरातील उन्हाळा. या संकटाचा विचार करताना माणसाबरोबर राहणाऱ्या मुक्या प्राण्यांचे काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी हौसेचा वाटतो. अमेरिकेतील फिनिक्स शहराचा अलीकडचा अनुभव पाहिला, तर तो तसा नाही हे ध्यानात येते.

ॲरिझोना राज्याची ही राजधानी सोनोरन वाळवंटात वसली असून तिची लोकसंख्या १६ लाखांवर आहे. २०२३ साली ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस तेथील पारा दररोज ४३.३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर गेला. त्या जुलै महिन्याचे रात्रंदिवसाचे सरासरी तापमान ३९ अंशांहून अधिक होते. सलग १६ रात्री तापमान ३२ अंशांच्या खाली उतरले नाही. म्हणजे रात्रीची विश्रांतीही शरीराला लाभली नाही. फिनिक्स ज्या मॅरिकोपा परगण्यात आहे, तेथे त्या वर्षी उष्णतेशी निगडित ६४५ मृत्यूंची अधिकृत नोंद झाली. २०२४ मध्ये हा आकडा ६०८ होता. ही मोजदाद माणसांची. त्याच घरांतून आणि त्याच पदपथांवर किती कुत्री-मांजरे गेली, याचा हिशेब या आकड्यांत नाही.

कुत्र्याचे शरीर या उन्हापुढे माणसाच्या शरीराहून अधिक दुबळे ठरते. माणसाला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याच्या घर्मग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांपुरत्या असतात. उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा खरा मार्ग म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. भोवतालची हवाच शरीराहून तप्त झाली, की हा मार्गही अपुरा पडतो. ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असणारे त्याचे तापमान ४१ अंशांपलीकडे गेले म्हणजे प्राणावर बेतते. पग किंवा बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर मुळात श्वासच अपुरा. त्यात पायाखालची जमीन. भर उन्हाळ्यात फिनिक्सच्या डांबरी रस्त्याचे तापमान ७० अंशांच्या घरात पोहोचते. रस्त्यावर कोसळलेल्या माणसांना कातडी भाजल्यामुळे तेथील रुग्णालयांत न्यावे लागते, तेथे अनवाणी पंजांची काय कथा? बंद मोटारीचे गणित आणखी क्रूर आहे. बाहेर २७ अंशांची सुखद हवा असली तरी दहा मिनिटांत आतील पारा ३७ पर्यंत आणि अर्ध्या तासात ४५ पर्यंत चढतो. बाहेरच ४३ अंश असतील, तर वेगळा हिशेब मांडण्याचे कारण नाही.

फिनिक्सने याबाबत काहीच केले नाही, असे मात्र नाही. तापमान ३८ अंशांवर गेले की डोंगरवाटांवर कुत्र्याला नेण्यास शहराने मनाई केली आहे. बंद मोटारीत अडकलेले मूल किंवा पाळीव प्राणी वाचवण्यासाठी, आधी पोलिसांना कळवून, काच फोडणाऱ्या नागरिकाला दिवाणी दाव्यापासून संरक्षण देणारा कायदा ॲरिझोनाने २०१७ मध्ये केला. २०२१ मध्ये फिनिक्स नगरपालिकेने केवळ उष्णतेच्या प्रश्नासाठी स्वतंत्र कार्यालय उघडले. ही सारी पावले योग्यच आहेत. परंतु नित्याच्या उन्हाळ्यातील दक्षता ही एक गोष्ट झाली आणि आणीबाणीच्या प्रसंगाची तयारी ही दुसरी.

वाळवंटी शहरातील खरी आणीबाणी कोणती? हे शहर वातानुकूलन यंत्राच्या आधारावर उभे आहे. म्हणून वीज जाणे हीच तेथील आणीबाणी होय. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत तेथे पावसाळी वाऱ्यांचा मोसम असतो. त्यात धुळीच्या प्रचंड भिंती शहरावर चालून येतात. ५ जुलै २०११ रोजी आलेली अशी भिंत दीड किलोमीटरहून उंच होती. अशा वादळांत विजेच्या तारा तुटतात, आणि ज्या घरात क्षणापूर्वी २५ अंशांचा गारवा होता, त्याची पाहता पाहता भट्टी होऊ लागते. अटलांटा, डेट्रॉइट आणि फिनिक्स या तीन शहरांचा विचार करणारा एक शास्त्रीय अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. उष्णतेची लाट आणि व्यापक वीजभंग एकाच वेळी आले, तर फिनिक्समध्ये सुमारे ८ लाख लोकांना तातडीच्या उपचारांची गरज भासेल आणि जवळजवळ १३ हजार मृत्युमुखी पडतील, असे त्यातील अनुमान आहे. अनुमान हे अनुमानच असते. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. अशा दिवशी घर सोडून थंड जागी जाणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग असेल. आणि घर सोडताना घरातील कुत्र्याचे काय करावयाचे, हा प्रश्न नेमक्या त्याच क्षणी दारात उभा राहील.

हा प्रश्न किती गंभीर असू शकतो, हे अमेरिकेने एकदा फार महागात शिकून घेतले आहे. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडवले. बचावाच्या बशींत आणि निवाऱ्यांत प्राण्यांना प्रवेश नव्हता. बसमध्ये चढताना एका लहान मुलाच्या हातून त्याचा ‘स्नोबॉल’ नावाचा कुत्रा काढून घेण्यात आला, ही बातमी देशभर गाजली. पण हेलावून टाकणाऱ्या त्या बातमीहून महत्त्वाचा होता तो नंतरचा आकडा. वादळापूर्वी घर न सोडणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी, पाळीव प्राण्यांना टाकून जायचे नव्हते हे आपल्या निर्णयाचे एक कारण म्हणून सांगितले, असे फ्रिट्झ इन्स्टिट्यूटच्या पाहणीत आढळले. म्हणजे कुत्र्या-मांजरांना दार बंद करणाऱ्या नियमाने माणसांनाही बुडत्या घरात ठेवले. त्या धड्यातून ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकी संघराज्याने कायदा केला. राज्यांनी आणि स्थानिक संस्थांनी आपल्या आपत्कालीन योजनांत पाळीव व सहायक प्राणी असणाऱ्या कुटुंबांच्या गरजांचा विचार केला पाहिजे, असे बंधन त्याने घातले आणि प्राण्यांच्या निवाऱ्यावरील खर्चाला संघराज्याच्या मदतीचा मार्ग मोकळा केला.

मग फिनिक्सचा प्रश्न सुटला असे का म्हणता येत नाही? कारण हा कायदा ज्या मूळ आपत्ती-कायद्यात गुंफला आहे, त्यातील मोठ्या आपत्तीच्या व्याख्येत चक्रीवादळ आहे, भूकंप आहे, ज्वालामुखी आहे, अवर्षण आहे, हिमवादळसुद्धा आहे. उष्णता मात्र नाही. २०२४ अखेरपर्यंत केवळ उष्णतेसाठी अशी आपत्ती एकदाही घोषित झाली नव्हती. घोषणा नाही म्हणजे संघराज्याच्या मदतीचे दार सहजी उघडत नाही. ज्या संकटाने एका परगण्यात दोन वर्षांत बाराशेहून अधिक माणसे नेली, ते कायद्याच्या दृष्टीने आपत्तीच नव्हे; आणि जी आपत्ती नव्हे, तिच्यात प्राण्यांच्या निवाऱ्याचा खर्च कोणी करावा, हा प्रश्न उपस्थितच होत नाही. संकट यादीबाहेर राहिले, म्हणून जीवही यादीबाहेर राहिले.

परिणामी सारा भार पडतो तो नगरपालिका, ग्रंथालये, चर्च आणि स्वयंसेवी संस्था चालवीत असलेल्या थंडाव्याच्या केंद्रांवर. यांपैकी काही केंद्रांत पाळीव प्राण्यांना घेतात, काहींत घेत नाहीत. अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांसारख्या सहायक प्राण्यांना कायद्याने प्रवेश मिळतो. इतरांचे भवितव्य दारावरील पाटी ठरवते. याची झळ कोणाला बसते हेही पाहिले पाहिजे. ज्याच्याकडे मोटार आहे, हॉटेलचे भाडे देण्याची ऐपत आहे, तो आपल्या कुत्र्यासह उत्तरेकडील थंड डोंगरांत निघून जाईल. मागे राहतो तो एकटा वृद्ध, ज्याला मांजराखेरीज बोलायला कोणी नाही. फिरत्या घरांच्या वसाहतीत राहणारा कामगार. आणि पदपथावरचा निराधार, ज्याच्या कुत्र्याइतके त्याचे जवळचे कोणी उरलेले नाही. “प्राण्याला बाहेर ठेवा” असे यांना सांगणे म्हणजे “तुम्हीही बाहेरच रहा” असे सांगणे होय.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. माणसेच शेकड्यांनी मरत असता कुत्र्या-मांजरांवर सार्वजनिक पैसा खर्च करणे ही श्रीमंत देशाची चैन नव्हे काय? शिवाय निवाऱ्यात लहान मुले असतात, दम्याचे रोगी असतात; चावा, घाण, गोंगाट यांचे काय? दुसरा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर व्यवहारात आहे. माणसांच्या खोलीला लागून वेगळी, वारा खेळता ठेवलेली खोली, पिंजरे, लसीकरणाची तपासणी आणि मालकानेच आपल्या प्राण्याची निगा राखण्याची अट, एवढ्याने तो बराचसा मिटतो. पहिला आक्षेप मात्र चुकीच्या गृहीतावर उभा आहे. माणसाची आणि त्याच्या घरातील जनावराची सुरक्षितता या एकाच तिजोरीवर डल्ला मारणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी गोष्टी आहेत, असे तो मानतो. प्रत्यक्षात त्या एकाच धाग्यात ओवलेल्या आहेत. २०१८ मध्ये बिल थकले म्हणून वीज तोडलेल्या घरात एका वृद्धेचा उष्णतेने अंत झाला, तेव्हा ॲरिझोनाच्या नियामक मंडळाने २०१९ साली भर उन्हाळ्यात अशी वीज तोडण्यास बंदी घातली. निर्णय माणसासाठी होता; त्याची सावली घरातील प्रत्येक जिवावर पडली. उलट दिशेनेही हेच घडते. कुत्र्यासाठी उघडलेले दार त्याच्या मालकालाही आत घेते.

तेव्हा करावयाचे काय? शासनाच्या पातळीवर प्रथम उष्णतेला आपत्तीच्या यादीत स्थान मिळाले पाहिजे. प्रत्येक विभागात निदान एक केंद्र प्राण्यांसह येणाऱ्यांसाठी रात्रंदिवस उघडे असावे, तेथे विजेची पर्यायी सोय असावी, आणि त्याचा पत्ता संकट येण्यापूर्वी लोकांना ठाऊक असावा. सार्वजनिक वाहनांतून अशा प्रसंगी प्राणी नेण्याची मुभा असली पाहिजे. कारण ४५ अंशांत डांबरी रस्त्यावरून कुत्र्याला चालवीत नेणे हा बचाव नव्हे.

घराच्या पातळीवरील कर्तव्येही थोडी नाहीत. प्राण्यासाठी काही दिवसांचे पाणी व खाद्य, नेहमीची औषधे, लसीकरणाची कागदपत्रे, गळपट्टा आणि मांजरासाठी पिंजरा हे सारे एकाच ठिकाणी बांधून ठेवावे. ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असावी आणि तिच्या नोंदीत चालू पत्ता असावा. वादळाच्या गडगडाटाने बिथरलेला कुत्रा पळून गेला, तर तीच त्याला परत आणते. मालक कामावर असताना वीज गेली, तर दार उघडू शकेल असा एक शेजारी आधीच ठरवून ठेवावा. निघायचे झाल्यास घर तापण्याची वाट न पाहता लवकर निघावे. आणि प्राणी उष्माघाताने कोसळलाच, तर त्याला सावलीत आणून थंड पाण्याने भिजवावे, वारा घालावा आणि मगच पशुवैद्याकडे न्यावे. आधी गारवा, नंतर प्रवास, हाच क्रम आज योग्य मानला जातो.

हे सारे दूरदेशीचे म्हणून बाजूस सारण्याचा अधिकार आपल्याला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात नावा दारात आल्या असतानाही अनेक शेतकरी गोठ्यातील जनावरे सोडून निघण्यास तयार नव्हते. न्यू ऑर्लिन्समधील माणूस कुत्र्यासाठी थांबला, शिरोळमधला म्हशीसाठी. पहिल्यात माया अधिक आणि दुसऱ्यात पोटाचा प्रश्न अधिक असेल, पण दोघांनाही बाहेर काढण्याचा उपाय एकच होता. यादीचा प्रश्नही आपल्याला परका नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात राष्ट्रीय पातळीवर मदतीस पात्र ठरणाऱ्या बारा आपत्तींत थंडीची लाट होती. उष्णतेची लाट नव्हती. ज्या देशात चंद्रपूर आणि जैसलमेर आहे, त्या देशाची ही यादी, आणि ज्या देशात फिनिक्स आहे त्याची ती, यांत फारसे अंतर दिसत नाही.

आपत्तीची योजना कागदावर करताना शासन माणसांची गणती एकेकटी करते. प्रत्यक्षात माणूस एकेकटा राहत नाही. तो घर करून राहतो, आणि त्या घरात बोलता न येणारी माणसेही असतात. वीज गेलेल्या घरातून बाहेर पडताना त्यांना मागे ठेवा असे सांगणारी योजना अमलात येणार नाही. कारण जी सर्वांत आधी निघायला हवीत, तीच माणसे तो आदेश मानणार नाहीत. फिनिक्सचा पुढील उन्हाळा ठरल्या वेळी येईल आणि चंद्रपूरचाही. त्याची तारीख आधी ठाऊक असणे हीच या संकटातील एकमेव सोय आहे. तिचा उपयोग करून घेणे एवढे तरी शासनाच्या हाती निश्चित आहे.