कटप्पानं का मारलं? एक राहून गेलेला प्रश्न



आजचा लेख थोडा भांडखोर आहे, हे आधीच सांगून ठेवते. ज्याच्याशी भांडायचं तो माझा भाचा हे पान नियमित वाचतो. त्या दिवशी घरात पाहुणे होते म्हणून मी गप्प बसले. पण गप्प बसलेलं पचत नाही, म्हणून आज लिहायला घेतलं.

झालं असं. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत नातू सोलापूरला आला होता. सहावीत आहे. 'बाहुबली'चे दोन्ही भाग एकत्र करून नव्यानं चित्रपटगृहात लागले होते, ते बघून आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोरी वही मागून घेतली. दोन दिवस त्यानं मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी वही माझ्यासमोर आणून ठेवली. 'आजी, हे माझं साम्राज्य.'

काय सांगू मंडळी, कौतुकानं ऊर भरून आला! नकाशा काढला होता. नद्या, घाट, सात किल्ले, झेंडा, नाणी, अगदी तोफांची नावंसुद्धा. चौतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, इतकी मन लावून भरलेली वही क्वचितच पाहिली असेल. पुढच्या पानावर मथळा होता 'प्रजा'. त्याखाली ओळीनं राजघराणं, योद्धे, विद्वान, व्यापारी, सेवक, आणि सगळ्यात खाली 'जंगली टोळी'. सेवकांपुढे लिहिलं होतं की हे राजाचा शब्द कधीच मोडत नाहीत, यांची मुलंही सेवकच होतात. टोळीपुढे लिहिलं होतं की हे लोक जन्मापासून क्रूर असतात, यांना मारलं तर पाप लागत नाही.

मी विचारलं, 'एखाद्या सेवकाच्या मुलाला योद्धा व्हायचं असेल तर रे?'

'नाही होता येत, आजी. रूलच आहे तसा.'

'कुणी केला हा रूल?'

'मीच!' तो अभिमानानं म्हणाला.

इतक्यात चहा पीत बसलेला भाचा हसून म्हणाला, 'अगं मावशी, खेळतंय पोर. सगळं काल्पनिक आहे. तू तिथंही जात शोधायला लागलीस? रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तुझी मास्तरकी काही सुटत नाही!' सगळे हसले. मीही हसले.

तर अरे बाबा, आता ऐक.

तुझं म्हणणं की काल्पनिक गोष्टीत जात आणू नये. मी कुठे आणली? ती त्या गोष्टीत आधीपासून पाट मांडून बसलेली आहे. माहिष्मती हे नाव जुनं, नर्मदाकाठच्या प्राचीन नगरीचं. पण पडद्यावरचं ते साम्राज्य संपूर्ण मनचं. त्यात ढगांना टेकलेला धबधबा आहे, हंसाच्या आकाराची उडणारी नाव आहे, ताडाच्या झाडांना वाकवून सैनिक तटावर भिरकावण्याची युक्ती आहे. मला ते सगळं आवडलं, खोटं कशाला बोलू? २०१५ साली पहिला भाग मी आमच्या शेजारच्या वहिनींबरोबर पाहिला होता. त्या पूर्व भागातल्या, पद्मशाली विणकरांच्या घरातल्या, तेलुगू त्यांची घरची भाषा. आम्ही दोघी टाळ्या वाजवत होतो.

मग २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षं सगळा देश एकच प्रश्न विचारत होता. कटप्पानं बाहुबलीला का मारलं? आठवतं ना? रिक्षावाल्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत तोच विनोद. २८ एप्रिल २०१७ ला उत्तर आलं. राजमाता शिवगामीनं आज्ञा केली म्हणून मारलं. कटप्पाच्या पूर्वजांनी सिंहासनाला शब्द दिला होता, म्हणून त्याचं सगळं कूळ पिढ्यान्‌पिढ्या सिंहासनाचं गुलाम. ज्या मुलाला त्यानं अंगाखांद्यावर खेळवलं, जो त्याला मामा म्हणायचा, त्याच्याच पाठीत त्याला तलवार खुपसावी लागली.

उत्तर मिळालं आणि सगळे खूश होऊन घरी गेले. पण दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही. कटप्पाला नाही का म्हणता येत नव्हतं? याचं उत्तर एका शब्दाचं आहे. जन्म! सगळ्या चित्रपटाचा कणा ज्या प्रश्नावर उभा आहे, त्या प्रश्नाचं उत्तर जात हेच आहे. आणि तू मला म्हणतोस, तिथं जात शोधू नकोस.

पहिल्या भागात तो अस्लम खान नावाचा शस्त्रांचा व्यापारी येतो. कटप्पाचं शौर्य बघून तो म्हणतो, तुझी किंमत मोजून तुला मोकळं करतो. कटप्पा नकार देतो. सगळं थिएटर गहिवरतं, काय ही निष्ठा! मला विचारशील तर सगळ्यात भीतीदायक प्रसंग तोच आहे. गुलाम स्वतःच्या तोंडानं गुलामी मागून घेतो आणि आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या. घरी येऊन भाकरी थापताना मनात आलं, आपण नक्की कशाला टाळ्या वाजवल्या? बाहुबली दिलेल्या शब्दासाठी सिंहासन सोडतो. इतका थोर मनाचा राजपुत्र! पण 'मामा, आजपासून तू मोकळा' हे एक वाक्य त्याला दोन्ही भागांत सुचत नाही. सुचत नाही, कारण लिहिणाऱ्यांनाच ते सुचलेलं नाही.

याच नातवाकडे हॅरी पॉटरची पुस्तकं आहेत. त्यातही राबणारे 'एल्फ' आहेत आणि त्यांनाही गुलामीच गोड वाटते. पण तिथं हर्मायनी नावाची एक मुलगी निदान उठून विचारते तरी, हे बरोबर आहे का? तिचे मित्र तिला हसतात, जसे तुम्ही त्या दिवशी मला हसलात. पण लेखिकेनं प्रश्न विचारणारी एक तरी मुलगी गोष्टीत ठेवली.

आता ती 'जंगली टोळी'. महाभारतातले कालकेय हे समुद्रात लपणारे दानव. अगस्त्य ऋषींनी समुद्र पिऊन टाकला तेव्हा सापडले, अशी कथा आहे. चित्रपटात त्यांची माणसं केली. काळीकुट्ट, घाणेरडी, रक्ताला चटावलेली. त्यांच्यासाठी मदन कार्की या तमिळ गीतकारानं 'किलिकी' नावाची स्वतंत्र भाषा घडवली. केवढी ही प्रतिभा! व्याकरणासकट नवी भाषा सुचली, पण त्या टोळीत एक म्हातारी, एक आई, एखादं शेंबडं पोर असेल हे काही सुचलं नाही. ती टोळी म्हणजे फक्त मारायला आणलेली माणसं.

सोलापूरच्या माणसानं हे बघून गप्प बसू नये. आपल्या गावात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. रोज तिथून जातो आपण. नावाचा अर्थ किती जणांना ठाऊक आहे? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात अख्खीच्या अख्खी जमात कागदावर गुन्हेगार ठरवता यायची. पुढे आपल्याकडे पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींच्या लोकांना आणून तारेच्या कुंपणात ठेवलं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही, गिरणीत राबायचं. त्या कुंपणात जन्मलेलं तान्हं बाळसुद्धा गुन्हेगारच. 'जन्मापासून क्रूर', नातवाच्या वहीतलं वाक्य. सरकारी कायद्यात ते ऐंशी वर्षं टिकलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून तो कायदा गेला आणि हे लोक 'विमुक्त' झाले. कागदावर.

कागदावर का म्हणते, ते सांगते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही.

मी नोकरीला लागून सात-आठ वर्षं झाली असतील. सहलीचे जमवलेले पैसे माझ्या टेबलावरून नाहीसे झाले. वर्गात पन्नासेक मुलं. मी सरळ उठले आणि तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाचं दप्तर उपडं केलं. सेटलमेंटमधून येणारा मुलगा. दोन पुस्तकं, तुटकी पट्टी, आणि फडक्यात बांधलेली भाकरी जमिनीवर पडली. पैसे नव्हते. दुपारी ते सापडले. माझ्याच हजेरीपत्रकाच्या पुठ्ठ्यात, मीच ठेवलेले.

तो काही बोलला नाही. भाकरी उचलून पुसली आणि दप्तरात ठेवली. दुसऱ्या दिवशी वर्गात आला आणि सगळ्यांबरोबर 'नमस्ते बाई' म्हणाला. मी त्याची माफी मागितली नाही. मुलासमोर बाईनं वाकायचं कसं, असं वाटलं. नंतर तो दहावी होऊन गेला.

मी इतकी वर्षं स्वतःला विचारते आहे, पन्नास मुलांत माझा हात त्याच दप्तराकडे का गेला? मला कुणी सांगितलं नव्हतं. कुठल्या पुस्तकात मी ते शिकले नव्हते. मी गोष्टी ऐकल्या होत्या, एवढंच. लहानपणापासून गोष्टीतला चोर कुठल्या वस्तीतून येतो, हे मला पाठ होतं. म्हणून तू जेव्हा म्हणतोस, 'नुसती गोष्ट तर आहे', तेव्हा मला ती भाकरी दिसते. कायदे बदलायला ऐंशी वर्षं लागतात. गोष्टी त्याहून चिवट असतात.

तुझा दुसरा मुद्दा मला ठाऊक आहे. 'राजेमहाराजांच्या काळात तसंच होतं, मग गोष्टीत तसंच दाखवणार ना?' बरं. त्या काळातच जाऊ या. चित्रपटात बिज्जलदेव नावाचा कपटी राजबंधू आहे. बाराव्या शतकात बिज्जल नावाचा खराखुरा राजा होऊन गेला, कलचुरी घराण्यातला. आधी त्याची राजधानी आपल्या मंगळवेढ्याला होती, पुढे कल्याणला. त्याच्याच दरबारी बसवेश्वर होते. आपले सिद्धरामेश्वरही त्याच काळातले, त्याच शरणांच्या मेळ्यातले. तिथं चांभार हरळय्याच्या मुलाचं आणि ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचं लग्न लागलं. परंपरा सांगते की त्याबद्दल दोन्ही बापांना राजानं देहदंड दिला. म्हणजे साडेआठशे वर्षांपूर्वी माणसं हा 'रूल' मोडत होती, जीव देऊन मोडत होती.

त्याच मंगळवेढ्यात १३३८ साली गावकुसाचं काम चालू असताना कूस कोसळून चोखोबा गेले. ज्या कुसाच्या आत राहायची त्यांना मुभा नव्हती, ते कूस बांधताना. त्यांना पंढरीच्या देवळात शिरता आलं नाही. समाधी महाद्वाराबाहेर आहे. ते दार सर्वांना उघडायला साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावावे लागले. आणि चांभाराच्या घरी जन्मलेल्या संत रविदासांनी तर काही शतकांपूर्वी चक्क एक काल्पनिक नगरी रचली. बेगमपुरा नावाची. तिथं दुःख नाही, कर नाही, कुणी दुय्यम-तिय्यम नाही, ज्याला जिथं फिरायचं तिथं फिरावं. काल्पनिकच होती ना तीही? हातात आरी-रापी असलेल्या माणसाला जे सुचलं, ते आजच्या कोट्यवधींच्या चित्रपटाला सुचू नये?

आणि हे साम्राज्य पडद्यावरच राहतं असंही नाही. त्याच चित्रपटाच्या तमिळ आवृत्तीतल्या एका संवादात अरुंधतियार या दलित समाजाला हिणवणारा शब्द आला, म्हणून २०१५ साली मदुराईत निषेध झाला होता. काल्पनिक साम्राज्याला शिवी मात्र खरीखुरी लागली! आणखी एक सांगते. आपल्या देशातल्या कित्येक राज्यांच्या तुरुंगांच्या नियमांत कुणी स्वयंपाक करायचा आणि कुणी झाडू मारायचा हे जातीवरून ठरत होतं, आणि विमुक्त जमातींच्या माणसाकडे सराईत गुन्हेगार म्हणून बघितलं जात होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं ३ ऑक्टोबर २०२४ ला. चोवीस! माझ्या नातवाचा तेव्हा जन्म होऊन दहा वर्षं झाली होती.

माझं म्हणणं चित्रपट बंद करा असं मुळीच नाही. बघा, टाळ्याही वाजवा. माझा राग वेगळाच आहे. वास्तवात बेड्या असतात, हे समजू शकते मी. पण जिथं सगळंच आपल्या हातात आहे, जिथं नदीसुद्धा आपल्या मर्जीनं वाहते, तिथंही आपण पहिल्यांदा कोण वर आणि कोण खाली हेच ठरवतो. हे कल्पनेचं दारिद्र्य आहे. आणि ते आपण नातवंडांना वारशात देतो आहोत, कौतुकानं.

त्या रात्री मी नातवाला सेटलमेंटच्या तारेची गोष्ट सांगितली. दप्तराचीही सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'तू सॉरी का नाही म्हणालीस?' याला काय उत्तर देणार? नाही दिलं.

सकाळी बघितलं तर 'प्रजा'च्या पानावर रबर फिरवलेलं. सेवकांपुढचं वाक्य गेलं होतं, टोळीपुढचंही. पण स्वारी नाराज होती. म्हणाला, 'आजी, आता लढाई कुणाशी करायची?'

प्रश्न रास्त आहे. मला चटकन उत्तर सुचलं नाही. ज्यानं रूल केला त्याच्याशी, असं म्हणणार होते. पण मग लक्षात आलं, रूल यानंच केलेला आहे. त्याला म्हटलं, तूच विचार कर. वही पुण्याला घेऊन गेलाय. मे महिन्यात येईल तेव्हा बघू काय लिहिलंय.

आणि भाच्या, तूही ये तेव्हा. शेंगाची चटणी करून ठेवते. भांडण अजून संपलेलं नाही.