न आवळलेले बोल्ट

शुक्रवारी रात्री साडेनऊला आमचं रिलीज गेलं. चेकलिस्टमधल्या शेवटच्या दोन ओळींवर मी न तपासताच टिक मारली. 'असणारच ते बरोबर', दुसरं काय! काही बिघडलंही नाही. पण शनिवारी सकाळी निवांत चहा घेताना मला डिस्नेलँडची खाणगाडी आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली.

खाणगाडी म्हणजे माइन ट्रेन रोलर कोस्टर. सोन्याच्या खाणीतली जुनाट आगगाडी, ड्रायव्हर गायब, आणि ती एकटीच सुसाट सुटलीय, अशी कल्पना. १९६६ मध्ये टेक्सासच्या सिक्स फ्लॅग्जमध्ये 'रनअवे माइन ट्रेन' सुरू झाली. ती बनवली अ‍ॅरो डेव्हलपमेंटने. १९५९ मध्ये डिस्नेलँडच्या मॅटरहॉर्नला पोलादी नळ्यांचे रूळ दिले तेही यांनीच. नळी हवी तशी वाकवता येते, म्हणून तर कड्याकपारींतून, बोगद्यांतून वळसे घेणारी गाडी जमली.

मग २ सप्टेंबर १९७९ ला कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये 'बिग थंडर माउंटन रेलरोड' आली. टोनी बॅक्स्टरची कल्पना, युटाच्या ब्राइस कॅनियनसारखे खडक, आणि वेग? ताशी जेमतेम ४५ किलोमीटर! आपली लोकल याहून जोरात धावते. म्हणजे मजा वेगाची नाहीच, सगळी नाटकाची. 'गाडी कुणाच्याच ताब्यात नाही' हे ते नाटक.

प्रत्यक्षात ती पुरेपूर ताब्यात असते. रुळाचे ठरावीक टप्पे पाडलेले असतात. पुढचा टप्पा रिकामा झाल्याशिवाय मागच्या गाडीला आत सोडत नाहीत, ब्रेक लावून थांबवतात. आपल्या भाषेत सांगायचं तर चक्क म्युटेक्स!

आणि तरीही ५ सप्टेंबर २००३ ला नाटक खरं झालं. बोगद्यात इंजिन रुळावरून घसरलं. एका तरुणाचा जीव गेला, दहा जण जखमी झाले. सरकारी चौकशीत कारण निघालं ते अगदी साधं: इंजिनाच्या एका चाकाचे बोल्ट नीट आवळलेलेच नव्हते, आणि ते सैल होऊ नयेत म्हणून लावायची तारही बसवलेली नव्हती. डिझाइन चोवीस वर्षं नीट चाललं होतं. चुकली ती देखभाल.

अशा वेळी 'ह्यूमन एरर' म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे फार सवय. मला ते पटत नाही. माणूस चुकणारच, हे गृहीत धरूनच तर बोल्टच्या जोडीला तार असते. दोन्ही राहून जातात आणि तरी गाडी प्रवाशांना घेऊन निघते, तेव्हा दोष एका पान्याचा नसतो, तपासणीच्या पद्धतीचा असतो. चौकशीनंतर कर्मचाऱ्यांना नव्याने प्रशिक्षण द्यायला लावलं, ते उगीच नाही. मार्च २००४ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली.

आपल्या धंद्यात कौतुक होतं ते नवा डोंगर उभारणाऱ्याचं. रोज रात्री बोल्ट तपासणाऱ्याचं नाव कोण घेतो? अप्रेझलमध्ये त्याला रकानाच नसतो. माझ्या मते तिथेच आपण पहिला बोल्ट सैल सोडतो.

असो. सोमवारी गेल्या गेल्या त्या दोन ओळी उघडून तपासणार आहे, आणि आपण न बघता टिक मारली होती हे टीमला सांगणारही आहे. दुसरं काम जास्त अवघड आहे.

तुमच्या यादीत अशा किती टिका आहेत, एकदा मोजून बघा.